हिपॅटायटिस सी असताना हाताला मुंग्या येतात, त्या कुठून येतात?

भाकरी उलटताना आईच्या बोटाला चटका बसला आणि तिला तो कळलाच नाही. रात्री भांडी घासताना तर्जनीच्या टोकाला पाण्याने टम्म भरलेला फोड दिसला तेव्हा ती मला म्हणाली, "अगं, हा कधी आला?" चाळीस वर्षं तव्यावर हात चालवलेल्या बाईला चटका कळू नये, ही साधी गोष्ट नव्हती. तोवर आम्ही सगळे "वय झालं", "रक्त कमी असेल", "बी-कॉम्प्लेक्सचा कोर्स घे" एवढ्यावर भागवत होतो.

हे २०१९ सालचं. त्याच वर्षी तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या आणि एका ओळीत 'अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह' असं आलं, म्हणजे लिव्हरला धरणाऱ्या हिपॅटायटिस सी च्या विषाणूविरुद्धची अँटिबॉडी तिच्या रक्तात होती. आईला आयुष्यात कधी कावीळ झाली नव्हती. मग हा हिपॅटायटिस सी आला कुठून? डॉक्टरांनी जुन्या आजारपणांची उजळणी करून घेतली तेव्हा १९८८ साल निघालं. धाकट्या भावाच्या वेळी सिझर झालं होतं आणि दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या वर्षी या विषाणूला नावसुद्धा नव्हतं. ए नाही आणि बीही नाही, अशी एक कावीळ रक्तातून पसरते एवढंच डॉक्टरांना ठाऊक होतं. विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये, आणि त्या कामासाठी हार्वे आल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. म्हणजे आईच्या अंगात तो तीस वर्षं गुपचूप होता. हिपॅटायटिस सी असाच वागतो. जगात सुमारे ५ कोटी लोक तो घेऊन जगत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना त्याचा पत्ताच नाही.

हाताच्या मुंग्या आणि लिव्हरचा आजार यांचा काही संबंध असू शकतो, हे आमच्या मनातही आलं नव्हतं. आणि संबंध असतो असं कळल्यावर आम्ही पार दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येक मुंगी, प्रत्येक कळ त्या विषाणूचीच, असं धरून चाललो. दोन्ही वेळा आमचं चुकलं. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. हिपॅटायटिस सी असलेल्या माणसाच्या हाताला मुंग्या येतात तेव्हा त्यामागे विषाणू असू शकतो, मनगट असू शकतं, मान, साखर, जीवनसत्त्व किंवा एखादी गोळीही असू शकते. कधीकधी दोन कारणं एकाच हातात नांदतात. आणि यांतल्या बहुतेक कारणांवर उपाय आहे.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. आपण मराठीत 'नस' दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतो. हाताची नस कापली म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. नस दबली म्हणतो तेव्हा तो मज्जातंतू असतो, म्हणजे स्पर्श, चटका, हालचाल यांचे निरोप नेणारी तार. इथे मी नस म्हणेन ती ही तार. रक्त वाहतं ती रक्तवाहिनी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण हिपॅटायटिस सी मध्ये बरेचदा बिघाड होतो रक्तवाहिनीत आणि भोगते नस.

दुसरी गोष्ट, मुंग्या आणि बधिरपणा एकच नव्हेत. मुंग्या, झिणझिण्या, सुया टोचल्यासारखं होणं, म्हणजे नस अजून बोलते आहे, पण भलतंच बोलते आहे. बधिरपणा म्हणजे ती गप्प झाली. म्हणून कुणी म्हणालं की "पूर्वी मुंग्या यायच्या, आता काहीच जाणवत नाही, बरं आहे," तर ते बरं नाही. डॉक्टरांना हे मुद्दाम सांगायला हवं.

कुठल्या बोटात?

पुण्यात ज्या डॉक्टरांनी आईला नीट तपासलं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मावशी, मुंग्या कुठल्या बोटात येतात?"

"सगळ्या हातात येतात हो."

"करंगळीत येतात?"

आई थांबली. तिने एकेक बोट दुसऱ्या हाताने दाबून पाहिलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिकेची अर्धी बाजू. करंगळी चक्क ठीक होती. रोज ज्या हाताने कामं करते त्या हाताबद्दल तिला हे ठाऊक नव्हतं, आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

करंगळी वाचली, हा मोठा पुरावा आहे. अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंतचा स्पर्श एकच नस नेते आणि ती मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. तिच्याबरोबर बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्याही त्याच बोगद्यातून जातात. आतलं अस्तर जरा सुजलं की नस चेपते. याला कार्पल टनेल म्हणतात. खूण अशी की त्रास रात्री वाढतो, माणूस मध्यरात्री उठून हात झटकतो आणि झटकल्यावर बरं वाटतं. स्कूटरचं हँडल धरून, फोन धरून, विळीवर भाजी चिरताना हात भरून येतो. शर्टाची बटणं लावताना बोटं चाचपडतात. घरी एक साधी चाचणी करता येते. दोन्ही हातांचे पंजे खाली सोडून, त्यांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं पूर्ण दुमडायची आणि मिनिटभर तशीच ठेवायची. नेमक्या त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. शिक्कामोर्तब करते ती नर्व्ह कंडक्शनची तपासणी. तिच्यात हातावर हलके शॉक देऊन नसेतून निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. शॉक जाणवतो, पण सोसवतो.

उलट, मुंग्या करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या बाजूला असतील तर बोट कोपराकडे दाखवायचं. कोपर टेबलावर आपटला की जी झणझणीत कळ करंगळीपर्यंत जाते, ती हीच नस. तासन्तास कोपर दुमडून फोन कानाला लावणारे, कोपरावर टेकून बसणारे यांची ती चेपते. मान वळवली की खांद्यातून कळ उतरते आणि मग मुंग्या येतात, असं असेल तर मानेचे मणके पाहावे लागतात.

इथे आणखी एक आजार आहे, जो आपल्याकडे विसरून चालणार नाही. कुष्ठरोगही हातातल्या याच नसांना धरतो, विशेषतः कोपराजवळच्या. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, कोपराजवळ दोरीसारखी जाड नस हाताला लागते, करंगळी वाकू लागते. असं काही दिसलं तर लाजेपायी घरात बसू नये. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात, औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आणि वेळेवर सुरू केलं तर हात वाचतो. हिपॅटायटिस सी आहे म्हणून दुसरा आजार होणार नाही, असं नसतं.

डॉक्टरकडे जाण्याआधी एका कागदावर हात ठेवून पेन्सिलने त्याची बाह्यरेषा काढावी आणि जिथे मुंग्या येतात तिथे रंगवावं. बधिर जागा वेगळ्या रंगाने. किती वाजता येतात ते खाली लिहावं. आईसाठी मी ते दुसऱ्या भेटीला केलं, आणि दहा मिनिटांच्या भेटीत जे तोंडाने सांगता येत नाही ते त्या कागदाने सांगितलं.

आता पायांना विचारा

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न हाताबद्दल नव्हताच. "चालताना पायाखाली कसं वाटतं?" आई म्हणाली, "कापसावर चालल्यासारखं. पण ते फार दिवसांपासून आहे." आम्हाला तिने हे कधी सांगितलं नव्हतं. पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही का, असं विचारल्यावर ती हसली आणि हो म्हणाली.

स्पर्शाच्या नसेची पेशी पाठीच्या कण्याजवळ असते आणि तिथून तिचा एकच धागा पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर. त्या धाग्याला लागणारा सगळा माल मुळापासून शेवटपर्यंत वाहून न्यावा लागतो. कालव्याला पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी टेलच्या शेतकऱ्याचं पीक वाळतं. शरीरात रक्तातून पसरलेला कुठलाही बिघाड, मग तो साखरेचा असो, दारूचा असो की विषाणूचा, बहुधा याच पद्धतीने सुरू होतो. आधी तळपाय, मग घोटे, मग पोटऱ्या, आणि धाग्यांची लांबी जुळते त्या सुमाराला बोटांची टोकं. दोन्ही बाजूंना सारखं. पायात मोजे आणि हातात हातमोजे घातल्यासारखा तो प्रदेश दिसतो.

म्हणून हातांना मुंग्या आहेत आणि पाय अगदी ठणठणीत आहेत, तर विषाणूवर आळ घेण्याआधी मनगट, कोपर आणि मान तपासायला हवी. पायही बधिर आहेत, तर रक्तात काय चाललं आहे ते शोधायला हवं. आईच्या बाबतीत दोन्ही होतं. उजव्या मनगटात नस चेपलेली होती आणि पायांत वेगळाच आजार होता. नस आधीच अशक्त असेल तर ती थोड्याशा दाबानेही कुरकुरते, त्यामुळे असं दुहेरी दुखणं पुष्कळदा पाहायला मिळतं.

विषाणू नसेपर्यंत पोचतो कसा

हिपॅटायटिस सी चा विषाणू राहतो लिव्हरमध्ये, पण त्याची धग सगळ्या शरीराला लागते. विषाणू वर्षानुवर्षं रक्तात फिरत राहतो. त्याच्याशी लढायला अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी सतत जुंपलेल्या असतात. इतकी वर्षं त्यांना उसंत मिळाली नाही की त्यांतल्या काही विचित्र अँटिबॉडी बनवू लागतात. या अँटिबॉडी विषाणूला सोडून दुसऱ्या अँटिबॉडींनाच चिकटतात, आणि रक्तात गुठळीसारखे पुंजके तयार होतात. त्यांचा एक गुण असा की थंडी मिळाली की ते घट्ट होतात आणि ऊब मिळाली की पुन्हा विरघळतात. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि उन्हात ठेवली की पातळ होते, अगदी तसंच. या प्रथिनांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. हिपॅटायटिस सी च्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात ती थोडीफार सापडतात, पण त्यांच्यापासून त्रास मोजक्यांनाच होतो.

ज्यांना होतो, त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत हे पुंजके अडकतात आणि तिथे दाह सुरू होतो. नसेलाही जगायला रक्त लागतं, आणि ते तिला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतं. त्या बंद पडल्या की नस उपाशी मरते. हाच दाह कातडीतल्या रक्तवाहिन्यांत झाला तर गुडघ्याखाली लाल-जांभळे ठिपके उठतात, सांध्यांत झाला तर सांधे दुखतात, आणि माणूस सतत गळून गेल्यासारखा असतो. ठिपके, सांधे आणि थकवा हे त्रिकूट दिसलं की जाणत्या डॉक्टरचे कान टवकारतात. मूत्रपिंडांत हे झालं तर लघवीला फेस येतो किंवा ती लालसर होते, तेव्हा मात्र अजिबात थांबायचं नाही.

आईच्या नडग्यांवर असे ठिपके दोन वर्षं येत-जात होते. "उष्णतेचे आहेत," म्हणून ती सब्जाचं पाणी प्यायची. साध्या पुरळावर काचेचा पेला दाबला की लाली निघून जाते. हे ठिपके दाबूनही तसेच राहतात, कारण रक्त वाहिनीच्या बाहेर झिरपलेलं असतं. पेल्याची ही युक्ती कुणालाही घरी करता येते.

आता या तपासणीची गोष्ट सांगते, कारण इथे आमचे दोन महिने वाया गेले. क्रायोग्लोब्युलिनची पहिली तपासणी आम्ही आमच्या गावाकडच्या एका कलेक्शन सेंटरवर केली. त्यांनी रक्त काढलं, नळी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि रात्रीच्या गाडीने मोठ्या लॅबला पाठवली. रिपोर्ट आला 'निगेटिव्ह'. पुण्यातल्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि फक्त विचारलं, "रक्त थंड केलं होतं का?" जी गोष्ट थंडीत घट्ट होते, ती बर्फातल्या नळीत रक्ताच्या गोठलेल्या भागाबरोबर खाली बसते आणि फेकली जाते. वर उरलेल्या पाण्यात शोधून ती कशी सापडणार? दुसऱ्या वेळी नळी आधीच कोमट केलेली होती, रक्त ३७ अंशांवर ठेवूनच गोठू दिलं, मगच वरचं पाणी वेगळं काढून फ्रीजमध्ये काही दिवस ठेवलं. तळाशी पांढरा साका जमला. रक्तातलं सी-४ नावाचं प्रथिनही खूप खाली गेलेलं होतं, जे या आजारात बरेचदा दिसतं. तुमच्या डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली तर रक्त देण्याआधी लॅबला स्पष्ट विचारा, नळी गरम ठेवण्याची सोय आहे का. नसेल तर तिथे देऊ नका.

या आजारात कधीकधी नसा सारख्या प्रमाणात न बिघडता एकेक करून अचानक बसतात. आज उजवं पाऊल उचलत नाही, महिन्याने डावं मनगट लुळं पडतं. हा प्रकार तातडीचा आहे, कारण तिथे दाह थांबवायला विषाणूच्या औषधांबरोबर स्टेरॉइड किंवा रिटुक्सिमॅबसारखी औषधं द्यावी लागू शकतात, आणि उशीर झाला की गेलेली ताकद परत मिळणं अवघड होतं.

विषाणूच्या आड लपलेली कारणं

साखर सगळ्यात आधी. हिपॅटायटिस सी असलेल्यांना मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पण तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा (एचबीए१सी) इथे फसवू शकतो. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर घट्ट होऊन आक्रसणं, असेल किंवा या विषाणूवरचं रिबाव्हायरिन हे औषध चालू असेल तर लाल पेशी लवकर मरतात आणि तो आकडा खोटा कमी दिसतो. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही पाहून घ्यावी.

बी-१२ चंही असंच. आपल्याकडे शाकाहारी घरांत त्याची कमतरता खूप, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी ती आणखी वाढवते. पण बी-१२ चा साठा असतो लिव्हरमध्ये, आणि लिव्हर दुखावलं की तो रक्तात सांडतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये बी-१२ भरपूर दिसतं आणि नसा मात्र उपाशी असतात. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासून खात्री करतात. मनाने 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्या वर्षानुवर्षं खाणं मात्र धोक्याचं आहे. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत बी-६ असतं, आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच नसा बधिर करतं. मुंग्यांवरची गोळीच मुंग्या आणते, हे बहुतेकांना माहीत नसतं.

दारू नसेलाही मारते आणि लिव्हरलाही. हिपॅटायटिस सी असताना तिला कुठलंच सुरक्षित प्रमाण नाही. थायरॉइड मंद झाला की मनगटातला बोगदा सुजतो. पूर्वी ज्यांनी या विषाणूवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली आहेत त्यांनी थायरॉइड नक्की पाहावा, कारण ते औषध थायरॉइड बिघडवत असे. शिसं, आर्सेनिक मिसळलेली अनोळखी भस्मं आणि काविळीची गावठी पुडी यांपासून दूर राहावं. शिसं नेमकं मनगट लुळं पाडतं.

आणि भीती. रिपोर्ट हातात पडल्यावर छाती धडधडते, श्वास उथळ आणि भरभर होतो, दोन्ही हातांची बोटं आणि ओठांभोवती मुंग्या येतात. त्या खऱ्याच असतात. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि नसा चाळवतात. श्वास संथ केला की काही मिनिटांत ओसरतात. आईला पहिल्या रात्री हेच झालं होतं आणि आम्हाला वाटलं आजार वाढला.

गोळ्यांची पिशवी

हिपॅटायटिस सी आज बरा होतो. सोफोस्बुव्हिरसोबत डॅक्लाटास्व्हिर किंवा व्हेलपाटास्व्हिर, रोज तोंडाने घ्यायचं औषध, बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरातले पंच्याण्णवहून अधिक बरे होतात. सोफोस्बुव्हिर २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. भारतीय कंपन्यांची औषधं २०१५ पासून आली आणि चित्र पालटलं. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत; जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी आला होता एवढंच. दहातल्या साधारण तिघांचा तो आपोआप जातो. आज अंगात आहे की नाही ते आरएनए तपासणीच सांगते, कारण ती रक्तात खुद्द विषाणूचा अंश शोधते.

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी आईला घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या. मी किराणा दुकानाची कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. बीपीची, ॲसिडिटीची, बी-कॉम्प्लेक्स, आणि एक पट्टी कार्बामाझेपिनची. हाताच्या कळांसाठी एका डॉक्टरांनी ती वर्षभरापूर्वी दिली होती, तेव्हा हिपॅटायटिस सी चा कुणालाच पत्ता नव्हता. डॉक्टरांनी ती पट्टी बाजूला काढली. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, टीबीचं रिफाम्पिसिन ही औषधं विषाणूच्या गोळ्या शरीरातून इतक्या वेगाने बाहेर काढतात की उपचार वाया जाऊ शकतो. नसांच्या कळांवर घेतलेली गोळीच लिव्हरचा उपचार बुडवू शकते! ती एकदम बंदही करायची नसते, डॉक्टर हळूहळू उतरवतात किंवा बदलून देतात. ॲसिडिटीची गोळीही व्हेलपाटास्व्हिरला आड येते आणि हृदयाच्या अमियोडॅरोनबरोबर सोफोस्बुव्हिर घेतल्यास नाडी धोकादायक मंद होऊ शकते. हिपॅटायटिस बी ची तपासणीही आधीच व्हायला हवी, कारण सी हटला की दबलेला बी उसळू शकतो.

कळा कमी करायच्या गोळ्या निवडतानाही लिव्हरचा विचार लागतो. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन लिव्हरवर फारसा भार टाकत नाहीत, त्या मूत्रपिंडातून जातात. पण त्यांनी गुंगी येते आणि सिरॉसिसमध्ये गुंगी त्रासाची ठरते. ड्युलॉक्सेटिन लिव्हरच्या रुग्णांना टाळतात. मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या सिरॉसिस असेल तर मूत्रपिंडाला आणि पोटाला घातक ठरू शकतात.

काही वेळा मात्र वाट पाहायचीच नाही. अचानक एका बाजूचा हात बधिर, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, तर १०८ ला फोन. मनगट किंवा पाऊल उचलेनासं झालं, किंवा दोन्ही हात बधिर होऊन चाल डगमगते आणि लघवीवरचा ताबा सुटतो, तर त्याच दिवशी रुग्णालय. सिरॉसिस असलेल्या माणसाने वाहतूक थांबवणाऱ्या पोलिसासारखे हात पुढे धरले आणि पंजे पाखरासारखे फडफडले, तर ते मुंग्यांचं दुखणं नव्हे. रक्तातली विषं मेंदूपर्यंत गेल्याची ती खूण आहे. सोबत झोपेचा उलटा क्रम, गोंधळलेलं बोलणं असतं. घरच्यांनी हे ओळखायला हवं, कारण रुग्णाला ते कळत नाही.

घरात आम्ही काही गोष्टी बदलल्या. आंघोळीचं पाणी आई कोपराने बघते, बोटांनी नाही. चहाचं पातेलं सांडशीनेच उचलायचं, भाकरी उलथण्याने. रात्री झोपताना तळपाय आरशात पाहायचे. बधिर हाताला चिरलेलं कळत नाही आणि हा विषाणू रक्तातून जातो, म्हणून उपचार पूर्ण होईपर्यंत प्रत्येक जखम लगेच पट्टीने झाकली, नेलकटर वेगळं ठेवलं. ताट, पेला, अंथरूण मात्र कधीच वेगळं केलं नाही. एका ताटात जेवल्याने, जवळ घेतल्याने हा आजार होत नाही.

आईचे ठिपके दुसऱ्या महिन्यात गेले. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासला, विषाणू नव्हता. मनगटाला रात्रीचा पट्टा तीन महिने लावला, तेवढ्याने भागलं नाही म्हणून जागा बधिर करून छोटं ऑपरेशन झालं, आणि त्याच आठवड्यात ती रात्रभर झोपली. पाय मात्र हळू सुधारले. नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मोठं असतं. काहींच्या रक्तात विषाणू गेल्यावरही क्रायोग्लोब्युलिन राहतात, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. आईच्या तळपायाखालचा कापूस पातळ झाला आहे, गेलेला नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. रक्त तपासलं आणि पुन्हा तीच ओळ, अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह. बरं झाल्यावरही ही अँटिबॉडी बहुधा जन्मभर राहते. सिस्टरने रिपोर्ट पाहून मान वर केली. तिने काही विचारण्याआधीच आईने पिशवीची चेन ओढली, प्लास्टिकच्या पाकिटातून आरएनएचा कागद काढला आणि टेबलावर सरकवला. "हा बघा," ती म्हणाली, "हा शेवटचा आहे."